सात बुड्या आणि वरची एक

माझे वडील सोलापुरात मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. हलवायाला जसा पेढ्यांचा कंटाळा येतो तसा गणिताच्या मास्तराला आकड्यांचा यायला हवा, पण आमच्या घरी उलटंच झालं. दिवसभर पोरांकडून पावकी-निमकी घोकून घ्यायची, संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे आणि बायबल उघडून पुन्हा आकडेच शोधायचे. आकडा सापडला की बाबा त्याच्याभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढत. सृष्टीचे दिवस सात. तट कोसळला त्या शहराभोवतीच्या फेऱ्या सात. स्वप्नातल्या धष्टपुष्ट गाई सात आणि त्यांना खाणाऱ्या रोडक्या गाईही सात. आमचं बायबल उघडून बघणाऱ्याला वाटलं असतं, या पुस्तकाला गोवर आलाय.

या छंदाला खतपाणी घातलं ते एका उपदेशकांनी. ते बाबांचे लांबचे भाऊ लागत, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. छकड्यातून गावोगाव हिंडून ते प्रवचनं करत आणि सोलापुरात आले की आमच्याकडे उतरत. माणूस मोठा प्रेमळ, आवाज भारदस्त, आणि जेवण त्याहून भारदस्त. त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रातला एकही आकडा उगाच आलेला नाही. तीन म्हणजे देव, चार म्हणजे पृथ्वी, सहा म्हणजे अपुरा माणूस, सात म्हणजे पूर्णत्व. "शब्द हे टरफल आहे, मास्तर. दाणा आकड्यात आहे," असं ते शेंगा फोडता फोडता म्हणायचे आणि दाणे तोंडात टाकायचे. बाबा टरफलांकडे बघत मान डोलवायचे.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. शहरात तीस साली लागलेला लष्करी कायदा उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सातवीची फायनल पास होऊन मी बाबांच्याच शाळेत बालवर्गाला शिकवत होते. माझा वर्ग म्हणजे चिंचोक्यांचा ढीग आणि त्याच्याभोवती बसलेली नाकं ओढणारी पोरं. एक चिंचोका पुढं सरकवायचा आणि म्हणायचं, एक. दुसरा सरकवायचा आणि म्हणायचं, दोन. त्यामुळेच असेल, पण आकड्याच्या आत आणखी काही दडलेलं असतं हे माझ्या गळी उतरत नसे. तीन चिंचोके म्हणजे तीन चिंचोके. त्यात देव शोधत बसलं तर तोवर पोरं ते खिशात घालतात, एवढं मला अनुभवानं माहीत होतं.

एकदा जेवायच्या आधी काकांनी माशांच्या जाळ्याची गोष्ट काढली. प्रभू मेलेल्यातून उठल्यावर सरोवराच्या काठी शिष्यांना दिसतो, त्याच्या सांगण्यावरून ते जाळं टाकतात आणि त्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे लागतात. काकांनी विचारलं, "एकशे त्रेपन्नच का?" बाबा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पाटी ओढली आणि एकापासून सतरापर्यंत सगळ्या आकड्यांची बेरीज करून दाखवली. बरोबर एकशे त्रेपन्न! आणि सतरा म्हणजे काय, तर दहा आज्ञा अधिक सात. हे सांगताना बाबांनी पाटीवरच्या बेरजेभोवती गोल काढला. खोटं कशाला बोलू, बेरीज बघून माझ्याही अंगावर काटा आला. पण माझी जीभ गप्प बसेल तर ना.

"काका, दीडशेच लागले असते तर?"

"दीडशे म्हणजे तीन वेळा पन्नास. पन्नासावं वर्ष सुटकेचं, आणि तीन म्हणजे देव."

"आणि एकशे एकावन्न?"

"तेवढे लागले नाहीत ना," काका म्हणाले, आणि विषय तिथं मिटला.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती करमाळ्याकडच्या एका खेड्यातली. लग्नानंतर वाचायला शिकली, पण तिची बोली तिनं सोडली नव्हती. ती मान न वळवता म्हणाली, "मासं मोजल्याबिगर वाटणी कशी करायची मानसांनी? दीडशे आनि वर तीन. बराबर हाय की."

बाबा खो खो हसले. आईच्या माहेरी खळ्यावर धान्य मोजायची एक रीत होती. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि मोजून झालं की त्यावर एक ओंजळ टाकायची. नुसतं मापात माप दिलं तर घरातली बरकत जाते. ही 'वरची' आईच्या हातात इतकी मुरली होती की जेवणाऱ्यांच्या हिशोबापेक्षा एक भाकरी जास्त झाल्याशिवाय ती तवा उतरवत नसे. शेजारच्या विणकरांच्या घरी वाटीभर साखर परत द्यायची असली तरी वर चिमूटभर टाकायची. आम्ही तिला यावरून चिडवायचो, आणि ती चिडायची नाही.

त्या वर्षी थंडीत तिच्या हातावरचा चट्टा आमच्या लक्षात आला. डाव्या हाताला, कोपराखाली, करंगळीच्या अंगाला एक फिकट डाग होता. आई म्हणायची, नायटा असेल. ती त्यावर खोबरेल आणि गंधक चोळायची. पण तो नायट्यासारखा खाजत नव्हता, आणि तिथली लव झडून गेली होती. एका सकाळी ती बाहेर उन्हात केस वाळवत बसली होती. बाबा तिच्या हाताकडे बघत उभे राहिले, आणि मग आत निघून गेले. त्या दिवशी ते शाळेला गेले नाहीत.

महारोग हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. आमच्याच चर्चच्या मंडळीतली एक बाई दोन वर्षांपूर्वी महारोग्यांच्या आश्रमात गेली होती. तिची पोरं महिन्यातून एकदा तिला भेटायला जायची आणि कुंपणाच्या अलीकडून बोलून परत यायची. धाकटं पोर माझ्याच वर्गात होतं. बाबांना रात्रंदिवस तेच कुंपण दिसत असणार. मला तर दिसतच होतं.

मी म्हटलं, "मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या."

"दाखवलं की नाव लागलं," बाबा म्हणाले, "आणि नाव लागलं की नेलं. तुझ्या आईला मी कुठं पाठवणार नाही."

त्यांनी आईला लांब बाह्यांची पोलकी शिवून आणली. सोलापूरच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या! शेजारणी विचारायच्या, आई म्हणायची, थंडी वाजते. आणि मी? मला काय वाटत होतं ते आजही नीट सांगता येत नाही. दाखवावं असंही वाटे आणि दाखवू नये असंही वाटे. दवाखान्यासमोरून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडत.

फाल्गुनात काका आले. बाबांनी दार लावून त्यांना सगळं सांगितलं. काकांनी बायबल ओढलं. मग त्यांनी त्यातल्या अरामी सेनापतीची गोष्ट काढली. त्यालाही हाच रोग झाला होता. संदेष्ट्यानं त्याला निरोप पाठवला, यार्देन नदीत सात बुड्या मार. त्यानं मारल्या, आणि त्याची कातडी लहान मुलासारखी झाली.

"सात," काका म्हणाले.

"सात," बाबा म्हणाले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या घरी काडीचा आधार मिळावा म्हणून आईला बुडवायचं ठरलं.

यार्देन कुठून आणायची हा प्रश्न होता. गावातल्या तलावावर ओळखीची शंभर माणसं. विहिरीचं पाणी वाहतं नव्हे. शेवटी सीना ठरली. पण चैत्रात सीना म्हणजे नावालाच नदी. मैलभर वाळू आणि मधून कमरपट्ट्याएवढी धार. मी तसं म्हटल्यावर बाबांनी मला ऐकवलं की त्या सेनापतीलाही यार्देन फालतू वाटली होती, आमच्या नद्या काय कमी आहेत म्हणून तो रागावून परत निघाला होता. यावर काय बोलणार? प्रत्येक शंकेचं उत्तर शास्त्रात आधीच तयार असलं की शंका घेणाऱ्यालाच गुन्हेगारासारखं वाटू लागतं.

आईला कुणी विचारलं नाही. सांगितलं. ती म्हणाली, "सातच का?"

"सात म्हणजे पूर्णत्व," बाबा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि वाटेत खायला दशम्या करायला बसली.

आम्ही काकांच्या छकड्यातून गेलो. भर दुपारी नदीवर चिटपाखरू नसेल असं बाबांनी ठरवलं होतं, पण पलीकडच्या काठाला एक धनगर बाभळीखाली मेंढरं बसवून बसला होता. तो आमच्याकडे आणि आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. आई लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याएवढं. बुडी मारायची म्हणजे आधी खाली बसायचं, मग आडवं व्हायचं. काका काठावर उभे राहून मोठ्यानं वाचत होते. बाबा धोतर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि वर्गात म्हणवून घेतात तसे मोजत होते. एक. दोन. प्रत्येक बुडीनंतर आई उठायची, तोंडावरचं पाणी पुसायची, पुन्हा बसायची.

चौथ्या-पाचव्या बुडीला धनगर पलीकडून ओरडला, "काय पडलंय का वं बाईचं पान्यात? येऊ का हुडकायला?"

"काही नाही, काही नाही!" बाबा ओरडले, आणि तेवढ्यात एक बुडी होऊन गेली. मला वाटतं बाबांनी ती मोजली. बहुतेक मोजली. इतकी वर्षं झाली, पण मला खात्री देता येत नाही.

"सात!" बाबा शेवटी म्हणाले. "आमेन."

काकांनी पुस्तक मिटलं. बाबांनी टॉवेल पुढं केला. आणि आई पुन्हा एकदा खाली बसली, आडवी झाली आणि बुडी मारून वर आली.

बाबांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. "हे काय केलंस?" ते म्हणाले. "सात सांगितल्या होत्या ना?"

"ती वरची," आई म्हणाली. "देवाला का मापात माप द्यायचं?"

ती खरोखरच चकित झाली होती. आपण काही जास्तीचं केलं असं तिला वाटत नव्हतं. उलट, सातावर थांबणं हाच तिच्या दृष्टीनं कंजूसपणा होता. बाबा मात्र वाळूत मटकन खाली बसले. सेनापतीनं सात मारल्या, हिनं आठ. आता मागच्या सात बाद झाल्या की काय? पुन्हा पहिल्यापासून माराव्यात की हे आता कायमचंच बिघडलं? ते काकांना लहान मुलासारखं विचारत होते. माझा जीव तुटला. मघापर्यंत मला या सगळ्याचं हसू येत होतं, आणि आता मीही काकांच्या तोंडाकडे बघत होते.

काकांनी दाढी कुरवाळली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तर, आठ! महापुरातल्या तारवात माणसं किती वाचली? आठ. सुंता कितव्या दिवशी? आठव्या. प्रभू उठला तो आठवड्याच्या सातव्या दिवसानंतरच्या दिवशी, म्हणजे आठव्या! सात म्हणजे पूर्ण झालं. आठ म्हणजे नवा आरंभ. वहिनींनी हे आपल्या मनानं केलेलं नाही."

बाबांनी डोळे पुसले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं त्यांना झालं. छकड्यात बसल्यावर मला राहवेना.

"काका, सहाच झाल्या असत्या तर?"

"तर एक उरली असती, बाळ."

"आणि नऊ?"

"नऊ ही आत्म्याची फळं."

"मग चुकायचं तरी कसं?"

"देवाचं गणित चुकत नाही," काका म्हणाले आणि दशमीचा डबा उघडला.

मी मास्तराची मुलगी आणि स्वतःही मास्तरीण. कुठलंही उत्तर लिहिलं तरी बरोबर येतं ते गणित कसलं, हे मला त्या छकड्यात स्वच्छ कळत होतं. आणि तरी समोर बसलेल्या आईच्या ओल्या केसांवर ऊन पडलं होतं, ती बाबांना म्हणत होती की पानी लई गार व्हतं, बरं वाटलं, आणि मला वाटत होतं, असू दे, खरं असू दे. एकाच डोक्यात ही दोन्ही कशी राहतात ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी बाबा आईचा हात उजेडात धरून बघायचे. त्यांना चट्टा लहान दिसे. मला तेवढाच दिसे. कधी कधी मलाही लहान दिसे, आणि मग दुसऱ्या दिवशी मोठा. आई आमच्या दोघांच्या मध्ये हात लांब करून उभी असायची आणि चुलीवरच्या दुधाकडे बघायची.

मग ती चुलीपुढची संध्याकाळ आली. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, बाबा पाटावर बसले होते. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि मला काहीतरी सांगायला ती मागं वळली. तिच्या डाव्या हाताची करंगळीकडची कड तापलेल्या तव्याला टेकली होती. टेकली ती टेकलीच. ती बोलत राहिली. जळका वास आला तेव्हा मी किंचाळले.

आईनं हात उचलला, त्याच्याकडे बघितलं. "काय झालं?"

बाबा पाटावरून उठले. "दुखलं?"

"न्हाय."

"जरासुद्धा?"

"न्हाय की."

बाबा पिठाच्या परातीशेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांचे दोन्ही हात पिठात होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ते बोलू लागले तर थांबेचनात. शास्त्रातल्या राजानं तीन तरुणांना भट्टीत टाकलं होतं, भट्टी नेहमीपेक्षा सातपट तापवली होती, सातपट, आणि त्यांना काही झालं नव्हतं! विस्तव तिला शिवला नाही! माझा सगळा तोरा त्या चुलीपुढं उतरला. मी रडत होते, हसत होते, आईच्या गळ्यात पडले होते. इतक्या महिन्यांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. आईनं आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग तीही हसली. तव्यावरची भाकरी करपून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातावर हा एवढा फोड आला.

मी गोंधळले. दुखत नाही तर फोड कसा? आणि फोड आला तर दुखत का नाही? शाळेतून येऊन मी ती भट्टीची गोष्ट काढून वाचली. त्यात लिहिलं होतं की त्या तिघांच्या अंगाला आगीचा वाससुद्धा येत नव्हता. आईच्या हाताला वास येत होता, मी स्वतः घेतला होता. मी ती ओळ बाबांना दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. त्या ओळीत आकडा नव्हता. त्यांनी गोल काढला नाही आणि पुस्तक मिटलं.

फोड फुटला, जखम झाली, जखम बरी व्हायला पावसाळा उजाडला. काकांच्या मते दुःखाची जाणीव काढून घेतली जाणं हीच खूण होती. बाबा आताशा मान डोलवत, पण मोठ्यानं काही म्हणत नसत. मी कधी त्यांच्या बाजूनं असायची, कधी माझ्या. भाकरी मात्र कुणाच्याच बाजूची नव्हती. आईची भाकरी म्हणजे चंद्रासारखी गोल, अशी तिची ख्याती. ती आता एका अंगाला जाड राहू लागली, आणि जाड राहिली तिथं कच्ची. आधी वाटलं, यंदाची ज्वारी वाईट. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. थापताना डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सरळ होत नव्हती. ती आत वळली होती, आणि त्यांचे दोन खड्डे भाकरीत उमटत होते.

बाबा ती भाकरी मुकाट्यानं खात होते. त्यांनीही बघितलं होतं.

एका शनिवारी मी सांगून टाकलं, "मी आईला दवाखान्यात नेते आहे." मला वाटलं, भांडण होईल. बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि आमच्या मागून चालू लागले.

डॉक्टरीणबाई मराठीच होत्या, साठीच्या घरातल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी चट्टा बघितला, कोपरामागची नस चाचपली, बोटं सरळ करायला सांगितली. मग कापसाची बारीक वात केली. "डोळे मिटा, बाई. लागलं की हं म्हणायचं."

उजव्या हाताला त्यांनी वात लावली. आई लगेच म्हणाली, "हं." पुन्हा लावली. "हं." मग त्यांनी वात डाव्या हातावर आणली आणि चट्ट्याच्या मधोमध टेकवली.

बाबा खोकले.

"हं," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वात उचलली, जरा थांबल्या, करंगळीला लावली. बाबा पुन्हा खोकले. आई म्हणाली, "हं." मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. वर्गात पोरानं नुसती मान वळवली तरी छडी उचलणारा हा माणूस! मला राग यावा की रडू, तेच कळेना. रडू आलं.

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोकला असेल तर बाहेर बसा."

बाबा बाहेर गेले. बाईंनी वात पुन्हा चट्ट्यावर ठेवली. आई डोळे मिटून बसली होती. बाईंनी वात फिरवली. मग टाचणी घेतली. चट्ट्यावर, मनगटाकडे, करंगळीवर, तिच्या शेजारच्या बोटावर. बाई टाचणी टोचत होत्या आणि आई वाट बघत बसली होती, की आता लावतील, मग लावतील.

बाईंनी बाबांना आत बोलावलं. रोग तोच होता. बाबांनी खुर्चीची पाठ धरली. "मग पाठवावं लागेल ना तिला?"

"कुठं?"

"आश्रमात."

"कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा पसरणारा प्रकार नाही. घरी राहायचं, आपल्या घरचं जेवायचं. दर आठवड्याला इथं यायचं, कडू कवठाच्या तेलाचं इंजेक्शन घ्यायचं. चट्टा बहुतेक जाईल. बोटांची मात्र नस मेली आहे, ती आता सरळ होतील असं वाटत नाही. थंडीत चट्टा दिसला म्हणता, तेव्हाच आणायचं होतं. का नाही आणलं?"

ज्या कुंपणाच्या भीतीनं आम्ही लांब बाह्या शिवल्या, सीनेवर गेलो, ते आईसाठी कधी नव्हतंच. हे आनंदाचं की दुःखाचं, मी त्या खोलीत ठरवू शकले नाही. आई घरीच राहणार होती. आईची दोन बोटं गेली होती.

परत येताना निम्म्या वाटेत आई म्हणाली, "चटका लागला न्हाय, तवाच मला ठावं झालं व्हतं."

बाबा म्हणाले, "काय?"

"हात मेला म्हनून. बरा झालेला हात भाजल्यावर दुखतो की." ती रागानं बोलत नव्हती, वाटेकडे बघत बोलत होती. "आमच्या गावात एक म्हातारी व्हती, तिचं असंच व्हतं. तवाच वळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी पिठात हात घालून रडत व्हता. ही पोरगी हसत व्हती. लई दिसांनी घरात हसू आलं व्हतं. म्हनलं, असू दे. हात काय, माजाच हाय."

बाबा रस्त्यातच थांबले. आईला ते कळलं नसावं, किंवा कळलं असेल. ती तशीच पुढं चालत राहिली, डावा हात पदराखाली घेऊन. बाबा मागं उन्हात उभे होते, टोपी हातात, आणि मी दोघांच्या मध्ये. मी कुणाजवळ जावं ते मला कळेना.